नदीवर जेवलो, त्याचा हिशेब



डिसेंबर २०२३ मध्ये मी अहमदाबादला साबरमती नदीवर, बोटीतल्या हॉटेलात रात्रीचं जेवलो. एकटा नव्हतो. बरोबर एक मुलगी होती. दोघांचंच टेबल, त्यावर ग्लासात खोचलेला गुलाब, वर रंगीत दिवे, खाली पाणी. मी मुंबईला परत यायच्या आधीच आमचा फोटो वस्तीत पोचला होता. कुणी पाठवला ते मला ठाऊक आहे, पण ते भांडण इथं नको. तेव्हापासून छावणीत मला 'बोटवाला हिरो' म्हणतात. बैठकीत मी बोलायला उठलो की मागून कुणीतरी तोंडानं बोटीचा भोंगा वाजवतो. सगळे हसतात. दोन-चार वेळा मीही हसलो. आता हसू येत नाही म्हणून लिहितोय.

माझ्यावर तीन आरोप आहेत. पहिला : हे बूर्झ्वा चाळे आहेत. हॉटेल, गुलाब, नौकाविहार हे सगळं त्यांचं, आपलं नाही. दुसरा : त्या एका जेवणाच्या पैशात आपल्या अंकाचा कागद आला असता. तिसरा : साबरमतीचा तो काठ गोरगरिबांना उठवून बांधलाय, तिथं जाऊन जेवणं म्हणजे त्यांच्या छातीवर ताट मांडणं. पहिल्या दोन आरोपांना मी उत्तर देणार आहे. तिसरा आरोप खरा आहे, नि खरं म्हणजे त्याच्यासाठीच हा लेख आहे. पण तो आरोप करणाऱ्यांपैकी एकजणही त्या काठावर गेलेला नाही. उठवलेल्या माणसांपैकी एकालाही भेटलेला नाही. मी भेटलोय. तेव्हा आधी ऐकून घ्या, भोंगा नंतर वाजवा.

ती कोण ते पहिल्यांदा सांगतो. नाव सांगत नाही. ती रुखी समाजाची. तिचा आजा सौराष्ट्रातून मुंबईत आला नि सफाई खात्यात लागला. बाप गटारात उतरायचा. ती स्वतः एका इस्पितळात नर्स आहे. मी महाराचा, बौद्ध. बाप गोदीत, मी गोदीत. बापाच्या टायमाला पास होता, हजेरी होती, बोनस होता. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडं गेले. १९९४ साली डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. बापाचं काम बसल्या बसल्या सुकत गेलं. मी कंत्राटावर. पाळी लागली तर मजुरी, नाही तर घरी. बापानं उभ्या आयुष्यात शेकडो बोटी रिकाम्या केल्या. बोटीवर बसून दोन घास खा, असं त्याला कधी कुणी म्हटलं नाही.

मी तिला घरी नेलं तेव्हा आईनं चहा केला. चांगला केला, आलं ठेचून घातलं. विचारपूस केली. ती गेल्यावर आईनं तिचा कप उचलला, दोनदा घासला नि मोरीवरच्या फळीवर वेगळा ठेवला. भिंतीवर बाबासाहेब होते, त्यांना चौदा एप्रिलचा हार तसाच होता. मी विचारलं, "आई, हा कप तिथं का ठेवला?" आई म्हणाली, "राहू दे." मी पुन्हा विचारलं तर आवाज खाली करून म्हणाली, "अरे, ती लोकं गू काढतात."

माझा आजा गावात मेलेलं ढोर ओढायचा. हे मला आईनंच सांगितलेलं आहे. सांगताना तिचे डोळे भरायचे. पाटलाच्या घरी चहा द्यायला कान तुटलेली बशी वेगळी असायची, हेही तिनंच सांगितलंय. मी त्या फळीकडं बघत बसलो. त्या रात्री मला पाळी होती नि मी गेलो नाही.

तिच्या घरीही मला कुणी पाटावर बसवलं नाही. तिचा बाप म्हणाला, तुमच्यात देव मानत नाहीत, पोरगी कुठल्या देवाच्या पाया पडेल? म्हणजे दोन्ही घरी भिंत. एका घरात ती जातीची, दुसऱ्या घरात देवाची. मुंबईत आम्ही जेवलो कुठं? कट्ट्यावर, उभ्यानं. वडापाव, भुर्जीपाव. समुद्राकाठी बसलो तर हवालदार दांडा आपटत येतो, आईबापाचा नंबर मागतो. ज्यांची घरं दहा बाय बाराची नि त्यात माणसं सात, त्यांचं प्रेम सगळं उभ्यानंच होतं. हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्यातले निम्मे त्याच कट्ट्यावर उभे असतात.

आता अहमदाबाद कुठून आलं ते सांगतो. तिची एक फोई, म्हणजे आत्या, तिकडं असते. साबरमतीच्या काठाला, पात्रातच, झोपडीत राहायची. ती लहानपणी सुट्टीला फोईकडं जायची. पाण्यात पाय सोडून बसायची. पाणी नसलं की वाळूत खेळायची. पुढं नदीकाठ सुशोभित करायचा ठरला. १९९७ साली त्यासाठी वेगळी कंपनी काढली. दोन्ही काठांना भराव घालून, भिंती बांधून नदी सरळ केली, अरुंद केली. अशी दोनशे हेक्टरांहून जास्त जमीन नदीच्या अंगातून काढली. काठावर दलित होते, मुसलमान होते, परप्रांतातनं आलेले मजूर होते. भाजीपाला लावणारे, धुणी धुणारे, रविवारच्या गुजरी बाजारात जुनंपानं विकणारे. दहा हजारांहून जास्त कुटुंबं उठवली गेली. लोकांनी साबरमती नागरिक अधिकार मंच काढला, २००५ साली उच्च न्यायालयात गेले, म्हणून निदान घराच्या बदल्यात घर मिळालं. न्यायालयात गेले नसते तर किती जणांना काय मिळालं असतं, त्याची कल्पना करा. कित्येकांना मध्यंतरी पिराण्याच्या कचऱ्याच्या डोंगराजवळ, उघड्या जमिनीवर नेऊन टाकलं होतं. २०१२ साली काठाचा पहिला भाग थाटात खुला झाला.

फोईला वटव्याला खोली मिळाली. आम्ही आधी तिच्याकडं गेलो. खोली पक्की आहे, नळ आहे, संडास आहे. हे मी लपवणार नाही. झोपडीत काय सुख होतं, असं विचारणाऱ्याला मी वेड्यासारखं उत्तर देणार नाही. झोपडीत पावसाळ्यात साप यायचे, हे फोईच म्हणाली. पण ती पुलापलीकडं चार घरची भांडी घासायची, चालत जायची, चालत यायची. वटवा तिथून दहा-बारा किलोमीटर. आधी दोन घरं सुटली, कारण सकाळची बस वेळेवर मिळेना. मग तिकिटाचे पैसे नि मजुरी यांचा मेळ बसेना, तेव्हा उरलेली दोन सुटली. जुने शेजारी चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या वसाहतींत गेले. फोईची मुसलमान शेजारीण, जिच्याकडं ती घराची किल्ली ठेवायची, ती भलत्याच टोकाला गेली. फोई म्हणाली, "घर मिळालं दीकरा, खोटं कशाला बोलू? पण किल्ली कुणाकडं ठेवायची?"

फोई गुजरातीत बोलते. मला निम्मं कळतं, निम्मं ती सांगते. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी नि ताक एवढं जेवण फोईनं घातलं. आम्हाला दोघांना एका ताटात वाढलं. मुद्दाम नाही, ताटं दोनच होती म्हणून. मला आईची फळी आठवली.

बोटीत जेवायला जायचं तिच्या डोक्यात होतं, माझ्या नाही. ती बोट त्याच वर्षी सुरू झालेली. ती म्हणाली, फोईचं घर होतं ती जागा मला पाण्यावरून बघायचीय. काठावर फिरायला कुणालाही जाता येतं, पण पाण्यावरून बघायचं तर तिकीट काढावं लागतं. फोईला म्हटलं, तुम्हीपण चला. फोई हसली. म्हणाली, "तुम्ही जा. आम्ही पण तिथंच जेवायचो. रोज. फुकट."

बोटीचं वर्णन करून तुमच्या तोंडाला पाणी सुटावं असा माझा इरादा नाही. दोन मजले होते, गाणी होती, पनीर, पुलाव, गुलाबजाम होतं. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा तो एक आळ माझ्यावर येत नाही. शेजारच्या टेबलावर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाचा वाढदिवस होता, मुलांनी केक आणला होता. म्हातारी केक कापताना लाजली. ती माणसं मला शत्रू वाटली नाहीत. ज्या दिवशी केक कापणारी म्हातारी मला शत्रू वाटेल, त्या दिवशी मी चळवळीतून बाहेर पडलेलं बरं.

पण गोदीवाल्याचा डोळा जातो कुठं? बोट सुटताना सगळे दिव्यांकडं बघत होते, मी दोरखंड सोडणाऱ्या पोराकडं. वीस-एकवीसचा असेल. दोर ओला होता, हातात मोजे नव्हते. मी आयुष्यात पहिल्यांदा दोराच्या या टोकाला होतो. त्यानं वर बघितलं, मी हात केला. तो गोंधळला. गिऱ्हाईक हात करत नसावं. तिचा डोळा कुठं गेला? ती जाऊन संडास बघून आली. परत येऊन म्हणाली, "स्वच्छ आहे. खालची टाकी कोण उपसत असेल?" रुखीच्या पोरीला बोटीवरही हाच प्रश्न पडतो. हातानं मैला उपसायला लावू नये म्हणून २०१३ साली देशात दुसऱ्यांदा कायदा झाला, पहिला १९९३ साली. दोन कायदे झाले तरी तिचा प्रश्न सुटलेला नाही. कारण तिच्या बापाच्या बरोबरचे दोघेजण गटारात मेलेले तिनं बघितलेत.

बोट सरदार पुलापासून निघाली, गांधी पुलापर्यंत गेली नि वळली. मधे २०२२ साली झालेला नवा अटल पूल, मग जुना एलिस पूल, मग नेहरू पूल. आणखी एक पूल आहे तिथं, डॉक्टर आंबेडकर पूल. तो सरदार पुलाच्या खालच्या अंगाला आहे. तिकडं बोट गेली नाही. मी मुद्दाम काही सुचवत नाही, मार्ग होता तो सांगितला.

पुलाच्या खांबांवरून तिनं जागा मोजायचा प्रयत्न केला. बोटं मोडत होती, तिसरा खांब, चौथा खांब, इथं पिंपळ होता, इथून उतरायचो. काठाला सरळ भिंत होती, वर फरशी, बाक, दिवे, फिरणारी माणसं. सगळीकडं एकसारखं. तिला जागा सापडली नाही. ती रडली वगैरे नाही. समोरचा पुलाव तिनं शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. म्हणाली, पैसे दिलेत.

दुसऱ्या दिवशी फोईनं दोनच प्रश्न विचारले. "जेवण गरम होतं?" आम्ही म्हटलं, होतं. "दिसलं काही?" ती म्हणाली, "नाही फोई." फोई म्हणाली, "मला ठाऊक होतं."

झालं एवढंच. आता आरोपांकडं येतो.

पहिला आरोप, बूर्झ्वा चाळे. दोस्तांनो, मला एक सांगा, पाण्याकाठी बसून माणसानं माणसाबरोबर जेवणं हे त्यांचं कधीपासून झालं? १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले होते. मसूर स्टेशनवरून गोरेगावला बैलगाडीनं. घरून दिलेलं खाणं जवळ होतं, भरपूर होतं. पण वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही. पाण्याशिवाय घास उतरेना. अन्न जवळ असून पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी पुढं स्वतः हे लिहून ठेवलंय. अन्न आणि पाणी एका जागी मिळणं ही आपल्या इतिहासातली साधी गोष्ट नाही. वीस मार्च १९२७ ला महाडला हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली ती काय तहान लागली म्हणून? ते पाणी प्यायलो नसतो तर मेलो नसतो. तिथं जाण्याचा हक्क सांगायचा होता. मग आज त्याच समाजाची दोन पोरं नदीवर, खुर्चीवर बसून, वाढप्याकडून वाढून घेऊन जेवली तर आपल्याच लोकांना ते चाळे का वाटतात? उपाशी राहिलं, जमिनीवर बसलं, तरच आपण क्रांतिकारक? ही व्याख्या आपली नाही. आपल्याला जमिनीवर बसवणाऱ्यांना ती सोयीची आहे.

आणि ज्या अहमदाबादला मी खुर्चीवर बसलो तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बडोदा आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या, बडोदा सरकारच्या नोकरीत असलेल्या बाबासाहेबांना तिथं खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या टोळक्यानं त्यांना बाहेर काढलं. तो दिवस त्यांनी बागेत काढला. मी त्या प्रांतात जाऊन नाव न लपवता टेबल मिळवलं, जेवलो नि उठलो. यात शौर्य काही नाही. पण लाज वाटावी असंही काही नाही.

मधल्या वर्गाच्या मराठी कवितेत चांदण्यात नाव सोडायची जुनी हौस आहे. वल्हवणाऱ्याच्या तळहाताचे घट्टे त्या कवितेत दिसत नाहीत. त्या चांदण्याला आपण शिव्या घातल्या, बरोबरच केलं. पण शिव्या घालता घालता आपण आपलं प्रेमच कवितेतून हाकलून दिलं काय? माझ्या वहीत दंगल आहे, भूक आहे, गोदी आहे, पोलीस आहे. तिच्यावर चार ओळी आहेत, त्याही मी कुणाला दाखवल्या नव्हत्या. का? तर बोटवाला हिरो म्हणतील म्हणून. म्हणायचं ते म्हणूनच झालंय, तेव्हा आता दाखवीन.

दुसरा आरोप, पैसे. दोघांचं बिल म्हणजे माझ्या पाच पाळ्यांची मजुरी. त्यातलं निम्मं तिनं दिलं. म्हणजे मी अडीच पाळ्या खाल्ल्या. अंकाची वर्गणी माझी एकदाही चुकलेली नाही, वही तपासा. गेल्या जयंतीला डीजेवर किती उधळले, त्याचा हिशेब या भोंगा वाजवणाऱ्यांनी मागितला होता का? तेव्हा कागद आठवला नाही. पोरगा पोरीबरोबर जेवला की कागद आठवतो.

आणि आता खरी गोष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. ती ब्राह्मणाची असती, मराठ्याची असती तर छावणीत पेढे वाटले असते. आपला वाघ म्हणून माझी पाठ थोपटली असती. जातिअंताचं पाऊल म्हणून अंकात चौकट छापली असती. ती रुखी आहे, म्हणून भोंगा. वरच्या जातीत गेलं की विद्रोह नि खालच्या म्हटलेल्या जातीत गेलं की चेष्टा, ही कुठली क्रांती? हा मनूचाच जिना आहे. आपण फक्त मधल्या पायरीवर उभं राहून वर बघून शिव्या देतोय नि खाली बघून थुंकतोय.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' लिहिलं. लाहोरच्या जातपाततोडक मंडळापुढं करायचं ते भाषण, मंडळानं सभाच रद्द केली. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितलं की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही, रक्त मिसळलं पाहिजे, लग्नं झाली पाहिजेत, नि त्याच्याही मुळाशी शास्त्रांवरचा विश्वास मोडला पाहिजे. आपण हे पुस्तक वाचतो ते दुसऱ्यांना ऐकवायला. आईच्या मोरीवरच्या फळीला ते पुस्तक लागू नाही काय? मेहतर, रुखी, मातंग, चांभार आपल्या मोर्च्याला चालतात. पंगतीला किती जणांना बोलावलं? घरात किती जणांना मुलगी दिली? उत्तर मला नका देऊ, स्वतःच्या आईला विचारा.

राहिला तिसरा आरोप. तो मी कबूल करतो. आम्ही जिथं जेवलो तिथं माणसं राहत होती. एवढंच नाही, आरोप करणाऱ्यांना माहीत नाही ते पुढचंही सांगतो. खालचं पाणीसुद्धा साबरमतीचं नव्हतं. साबरमती पावसाळी नदी, उन्हाळ्यात शहरात वाळू असायची. आता तिच्यात नर्मदेच्या कालव्यातून पाणी सोडतात नि १९७६ साली बांधलेल्या वासणा बंधाऱ्यानं ते अडवून धरतात. म्हणून बाराही महिने तळं भरल्यासारखं दिसतं, म्हणून बोट चालते. नर्मदेचं पाणी येतं सरदार सरोवरातून. त्या धरणाखाली महाराष्ट्राची तेहतीस आदिवासी गावं आली, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली. पहिल्यांदा मणिबेली. म्हणजे आमच्या टेबलाखालून जे पाणी वाहत होतं त्याच्या एका टोकाला मणिबेली बुडालेली नि दुसऱ्या टोकाला फोई उठवलेली. नि बंधाऱ्याच्या खाली काय? तिथं शहराचा मैला नि कारखान्यांचं रसायन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्या पट्ट्याची गणना देशातल्या सर्वांत घाण नदीपट्ट्यांत केली आहे. २०२१ साली गुजरात उच्च न्यायालयानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. शहरात दिवे नि पाण्याचा आरसा, शहराबाहेर खालच्या गावांना काळं पाणी. वरच्याला चोखं नि खालच्याला उष्टं, ही गावाच्या पाणवठ्याचीच रीत आहे. फक्त सिमेंटमधे बांधलेली.

मग मी जायला नको होतं? मी यावर पुष्कळ विचार केला. मी गेलो नसतो तर फोईचं घर परत आलं नसतं. पण गेलो म्हणून मी निर्दोषही होत नाही. मला एवढंच दिसतं की नदीवर जेवायचा हक्क सगळ्यांचा आहे नि त्यासाठी नदीवरच्या कुणाला उठवायची गरज नव्हती. फोईची वस्ती काठावरच पक्की बांधता आली असती, नदीतून काढलेल्या दोनशे हेक्टरांतला एक कोपरा देऊन. तिथं फोई राहिली असती, बोटही चालली असती, फोईच्या भाच्यानं बोटीवर नोकरी केली असती. दोन गोष्टींत भांडण नव्हतं. भांडण लावलं गेलं, कारण गरीब नजरेसमोर असला की यांच्या जेवणाला चव येत नाही.

हे अहमदाबादचं झालं असं समजून पान उलटू नका. पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा काठ याच नमुन्यावर बांधायला काढलाय. साबरमतीचा आराखडा करणारे तेच पुण्याचाही आराखडा करणारे. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. पुण्याच्या नदीकाठाला ताडीवाला रोड आहे, पाटील इस्टेट आहे, आपली माणसं आहेत. मुंबईत आमच्या गोदीच्या जमिनीचा आराखडा २०१८ साली जाहीर झाला, पूर्व किनारा सुंदर करायचा म्हणून. दारूखाना, रे रोड, कोळसाबंदर इथल्या झोपड्यांत गोदी कामगारांच्या तीन-तीन पिढ्या गेल्यात. उद्या तिथं दिवे लागतील, बोटी लागतील, टेबलावर गुलाब येईल. मला गुलाबाचं वावडं नाही. मला विचारायचंय की त्या दिवशी मी दोराच्या कुठल्या टोकाला असेन, नि माझी खोली कुठं असेल.

म्हणून पुण्याच्या साथींना माझं सांगणं आहे. कुठल्याही कागदावर अंगठा, सही करण्याआधी वर्गणी काढून पाच-सात जणांनी वटव्याला जाऊन या. पाच पाळ्यांचा खर्च आहे, बोटीएवढाच. तिथल्या बायांना विचारा : नवं घर कामापासून किती लांब? जुने शेजारी बरोबर आले का? कागद कुणाच्या नावावर आहे? मग गावात येऊन वस्तीत सभा घ्या नि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगा. नळ आहे, संडास आहे, हेही सांगा. मग लोकांनी ठरवावं नि मागावं. आहे त्याच काठावर पक्कं घर, ही मागणी आधीच, बुलडोझर यायच्या आधी करायची असते. नंतर फक्त फोईसारखं विचारता येतं, दिसलं काही?

आता शेवटचं. आम्ही दोघांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस दिलीय. तीस दिवस ती कचेरीत लावलेली असते, कुणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. आपल्यातल्याच एकानं तिचा फोटो काढून आईला दाखवला. आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मी पाळीवरून आलो तर तो कप फळीवर नव्हता. इकडं तिकडं बघितलं. इतर कपांत होता की फेकून दिला, मला कळलं नाही. सगळे कप एकसारखेच आहेत. मी विचारलं नाही. आईनंही सांगितलं नाही. लग्न होईतो कळेलच.

लग्नाचं जेवण बोटीत नाही, वस्तीतच आहे, आमच्या गल्लीत. फोई अहमदाबादहून येणार आहे. रोटले तीच थापणार, रस्सा आमच्याकडचा. तिच्या वस्तीतले सफाई कामगार येणार आहेत, माझे गोदीवाले येणार आहेत. एकाच पंगतीत, मिसळून बसायचंय, आपापला घोळका करून नाही. छावणीतल्या सगळ्यांना हे आमंत्रण समजा. भोंगा वाजवणाऱ्यांनी जरूर या. वाढायला माणसं कमी आहेत.